एका घरातला एक मोबाइल : नांदेड-लातूरच्या किशोरांविषयीच्या लेखनाचा फेरविचार

किशोरवयीन मुले आणि मोबाइल या विषयावर मराठीत आता एक ठरलेला लेख तयार झाला आहे. सुरुवातीला जेवणाच्या ताटावरही मान खाली घालून बसलेला मुलगा येतो. मग ‘डोपामिन’ येते. त्यानंतर एखाद्या अमेरिकी पाहणीची टक्केवारी, मग आपल्या लहानपणीची विटीदांडू आणि सूरपारंबी, आणि शेवटी पालकांनी मुलांशी संवाद साधावा हा सल्ला. रविवारच्या पुरवण्या, शिक्षकांची मासिके, ‘मोबाइल : शाप की वरदान’ या विषयावरच्या निबंधस्पर्धा आणि आपले दिवाळी अंकही, सगळीकडे हाच लेख थोड्याफार फरकाने वाचायला मिळतो. मी नांदेडात अकरावी-बारावीच्या मुलांना मराठी शिकवतो. असे काही लेख मी वर्गात वाचून दाखवले आहेत. मुले शांतपणे ऐकतात. पण हे आपल्याविषयी चालले आहे असे त्यांच्या चेहऱ्यांवर दिसत नाही.

त्या ठरलेल्या लेखाची तपासणी करणे हा या निबंधाचा हेतू आहे. त्यातली काळजी खरी आहे, हे आधीच मान्य करतो. माझा आक्षेप असा, की त्यात ज्या मुलाचे वर्णन येते तो आमच्याकडचा मुलगा नाही. त्याला स्वतःची खोली आहे, स्वतःचा फोन आहे, आणि त्याच्यापुढे मोबाइलखेरीज दुसरा मोठा प्रश्न नाही. नांदेड आणि लातूर या दोन जिल्ह्यांत ही तिन्ही गृहीतके ढासळतात.

पहिले गृहीतक मालकीचे. ‘प्रथम’ संस्थेच्या ‘असर’ पाहणीने 2023 साली 14 ते 18 वयोगटातल्या ग्रामीण मुलामुलींकडे लक्ष वळवले. 26 राज्यांतल्या 28 जिल्ह्यांत 34,745 जणांची पाहणी झाली आणि महाराष्ट्रातून त्यासाठी निवडलेला जिल्हा नांदेड होता. जानेवारी 2024 मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अहवालाचे एकत्रित आकडे बोलके आहेत. सुमारे 90 टक्के मुलांच्या घरी स्मार्टफोन आहे आणि जवळपास तेवढ्यांनाच तो वापरता येतो. पाहणीआधीच्या आठवड्यात ज्यांनी फोन वापरला, त्यांतल्या 90 टक्क्यांहून अधिक जणांनी समाजमाध्यमे पाहिली. अभ्यासाशी संबंधित काही केलेले साधारण दोन तृतीयांश. इथवरचे आकडे ठरलेल्या लेखात हमखास येतात. पुढचा आकडा मात्र सहसा गळतो. फोन वापरता येणाऱ्या मुलांपैकी स्वतःचा फोन असलेले 43.7 टक्के, आणि मुलींपैकी फक्त 19.8 टक्के.

म्हणजे बहुतेक किशोरांच्या हातातला फोन घरचा आहे. तो बापाबरोबर शेतात जातो, मोंढ्यात जातो, थोरल्या भावाबरोबर गाडीवर फिरतो आणि रात्री आठ-नऊला घरी येतो. त्यावरच पीकविम्याचा संदेश येतो, बचतगटाची बैठक कळते, शाळेचा ‘गृहपाठ’ गटही त्यातच असतो. मुलाच्या वाट्याला तो येतो रात्री, सगळे निजल्यावर. मुले रात्री उशिरापर्यंत मोबाइल बघतात ही तक्रार खरी आहे, पण रात्रच का, हा प्रश्न लेखात येत नाही. एका घरात एक मोबाइल असेल, तर सगळ्यांत धाकट्याची पाळी शेवटी येणार. झोपेचे नुकसान खरे आहे आणि ते किरकोळ नाही. तेरा ते अठरा वयात आठ ते दहा तास झोप हवी असे निद्रातज्ज्ञ सांगतात, आणि या वयात झोप येण्याची वेळच शरीर पुढे ढकलते. त्यात पहाटेचा क्लास किंवा सकाळची बस असेल तर झोपेचे हे कर्ज रोज थोडे वाढते. मात्र त्यावरचा उपाय ‘इच्छाशक्ती वाढवा’ हा नाही. घरात फोनची पाळी कशी लावायची, हा तो प्रश्न आहे.

दुसरे गृहीतक सिद्धान्ताचे. मार्च 2024 मध्ये अमेरिकी सामाजिक मानसशास्त्रज्ञ जोनाथन हाइट यांचे ‘द अँक्शस जनरेशन’ हे पुस्तक आले आणि या विषयावरची जगभरची चर्चा त्याच्याभोवती फिरू लागली. आपल्या केंद्र सरकारच्या 2024-25 च्या आर्थिक पाहणीतही त्याचा उल्लेख आहे. हाइट यांची मांडणी थोडक्यात अशी : 2010 ते 2015 या काळात खेळावर उभे असलेले बालपण फोनवर उभे राहिले, आणि त्यातून चार हानी झाल्या. प्रत्यक्ष सहवास तुटला, झोप तुटली, लक्ष तुकड्या-तुकड्यांत विभागले गेले आणि सवय व्यसनापर्यंत गेली. म्हणून त्यांनी चार नियम सुचवले : माध्यमिक शिक्षणाच्या वरच्या टप्प्यापर्यंत स्मार्टफोन नको, सोळापर्यंत समाजमाध्यमे नकोत, शाळा फोनमुक्त हव्यात, आणि मुलांना मोठ्यांच्या देखरेखीवाचून खेळण्याचे अधिक स्वातंत्र्य हवे.

पुस्तक ताकदीचे आहे. पण ते वादातीत नाही, हे आपल्याकडचे लेख सांगत नाहीत. ‘नेचर’मधल्या परीक्षणात मानसशास्त्रज्ञ कॅन्डिस ऑजर्स यांनी सहसंबंध म्हणजे कारण नव्हे, असा स्पष्ट आक्षेप घेतला. त्याआधी 2019 मध्ये ॲमी ऑर्बेन आणि अँड्र्यू प्रझिबिल्स्की यांनी साडेतीन लाखांहून अधिक किशोरांची माहिती तपासून दाखवले होते, की मुलांच्या सुस्थितीतल्या फरकांपैकी डिजिटल साधनांच्या वापराने उलगडणारा भाग फार तर 0.4 टक्के आहे. मात्र सरासरीत नेहमीच काही लपते. ऑर्बेन यांच्याच 2022 च्या ब्रिटनमधल्या अभ्यासात समाजमाध्यमांचा परिणाम वयानुसार बदलताना दिसला : मुलींना अकरा ते तेरा आणि मुलग्यांना चौदा-पंधरा ही वर्षे अधिक नाजूक. तेव्हा ‘काही होत नाही’ हेही खोटे आणि ‘सगळे मोबाइलमुळेच’ हेही खोटे. कोणाला, कोणत्या वयात, कोणत्या परिस्थितीत, असे विचारल्याशिवाय उत्तर मिळत नाही.

आणि परिस्थिती इथे वेगळी आहे. हाइट यांचा पुरावा मुख्यतः इंग्रजीभाषक आणि उत्तर युरोपीय देशांतला आहे. 2010 ते 2015 हा त्यांचा निर्णायक काळ; मराठवाड्याच्या खेड्यांत स्वस्त डेटा सप्टेंबर 2016 मध्ये जिओ आल्यावर पोचला, आणि मुलाच्या हातात फोन खऱ्या अर्थाने दिला तो मार्च 2020 नंतरच्या बंद शाळांनी. तो हट्टाने मागितलेला नव्हता. शाळेनेच ‘ऑनलाइन या’ म्हणून सांगितले, आणि कित्येक घरांनी त्यासाठी उसनवारी केली. जून 2020 मध्ये टिकटॉकवर बंदी आली, पुढच्याच महिन्यात इन्स्टाग्रामचे रील्स भारतात सुरू झाले. अभ्यासासाठी आणलेल्या वस्तूत करमणूक अशी बसवून मिळाली. आता ज्यांनी ती वस्तू हातात दिली तेच ‘टाकून दे’ म्हणतात, तेव्हा मुलांना त्या बोलण्यात खोट दिसते.

तिसरे गृहीतक, की मोबाइलखेरीज या मुलांपुढे दुसरे ओझे नाही. लातूर-नांदेडबद्दल असे म्हणणे धाडसाचे आहे. राजर्षी शाहू आणि दयानंद या महाविद्यालयांतून ‘लातूर पॅटर्न’ घडला, तेव्हा त्यामागे एक न्याय्य जिद्द होती. पुण्या-मुंबईची मुलेच गुणवत्ता यादीत का, या प्रश्नाला मागास म्हणवल्या गेलेल्या भागाने दिलेले ते उत्तर होते : सराव, पुन्हा सराव, आणि शिक्षकांची अपार मेहनत. वैद्यकीय प्रवेशासाठी ‘नीट’ ही एकच परीक्षा उरल्यावर त्या जिद्दीचा बाजार झाला. लातूरचा ट्यूशन एरिया, नांदेडचे भाग्यनगर-श्यामनगर इथे दरवर्षी जूनमध्ये ट्रंका आणि गाद्या घेऊन पंधरा-सोळा वर्षांची मुले उतरतात. परभणी, हिंगोली, धाराशिव, बीड, शिवाय तेलंगण-कर्नाटकच्या सीमेवरच्या गावांतून. एका खोलीत तिघे-चौघे, मेसचा डबा, भिंतीवर 720 गुणांचे लक्ष्य. बाप सोयाबीनच्या पट्टीकडे डोळे लावून बसलेला, आणि ती पट्टी हमीभावाच्या खाली आली की मुलाच्या छातीत धस्स होते.

या मुलाचा पडदा कोणता? पुष्कळ वसतिगृहांत साधा बटनांचा फोनच चालतो. तरी पडदा सुटत नाही. व्याख्यानांची चित्रफीत, सराव परीक्षा, उत्तरसूची, सगळे पडद्यावर. चाचणीचा निकाल पालकांच्या व्हॉट्सॲपवर जातो, क्रमांकासह. मुलाला कळण्याआधी तो कंधारला, देगलूरला, अहमदपूरला घरी पोचलेला असतो. समाजमाध्यमांमुळे मुले सतत इतरांशी तुलना करतात, असे ठरलेल्या लेखात लिहिलेले असते. इथे तुलना करायला इन्स्टाग्राम लागत नाही. ती चौकाचौकांतल्या फ्लेक्सवर लावलेली असते, वर्गात ‘स्टार बॅच’ म्हणून बसवलेली असते. त्यातून सुटायला मुलगा रात्री वीस मिनिटे रील्स बघतो. वीसची साठ मिनिटे होतात, मग अपराधी वाटते, आणि दुसऱ्या दिवशी चाचणी घसरली की सगळे खापर त्या साठ मिनिटांवर फुटते. त्या मिनिटांचा दोष नाही असे मी म्हणत नाही. पण ताप आलेल्या रोग्याच्या कपाळावरच्या घामाला रोग म्हणू नये.

जुलै 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्याविषयी मार्गदर्शक सूचना दिल्या. गुणांवरून तुकड्या पाडू नका, मुलांचा जाहीर पाणउतारा करू नका, शंभर किंवा अधिक विद्यार्थी असतील तिथे प्रशिक्षित समुपदेशक नेमा. शाळा-महाविद्यालयांबरोबर खासगी क्लासही त्यांच्या कक्षेत आहेत. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या 2022 च्या अहवालात देशात 13,044 विद्यार्थ्यांच्या आत्महत्या नोंदल्या आहेत आणि त्यांत 1,764 ही सर्वाधिक संख्या महाराष्ट्राची आहे. न्यायालयाने बोट ठेवले ते व्यवस्थेवर. आपले लेख अजून त्या व्यवस्थेचे नाव घेताना अडखळतात, कारण तिचा आपल्याला अभिमान आहे, आणि दिवाळी अंकांच्या जाहिरातीही तिच्याकडूनच येतात.

मुलींची गोष्ट आणखी वेगळी. स्वतःचा फोन असणाऱ्या मुली मुलग्यांच्या निम्म्याहून कमी. आणि ज्या फोन वापरतात त्यांना खाते सुरक्षित कसे ठेवायचे, त्रास देणाऱ्याला कसे अडवायचे याची माहितीही मुलग्यांपेक्षा कमी, असे ‘असर’ सांगतो. घरच्या फोनवर मुलीचे खाते असले तरी ते भावाच्या नजरेखाली चालते. पाश्चात्त्य चर्चेत मुलींचे दुःख मुख्यतः शरीराच्या प्रतिमेभोवती असते. त्यालाही आधार आहे : 2021 मध्ये उघड झालेल्या फेसबुकच्या अंतर्गत कागदपत्रांनुसार, शरीराबद्दल वाईट वाटत असताना इन्स्टाग्रामने ते वाढवले, असे 32 टक्के किशोरवयीन मुलींनी सांगितले होते. कंपनीला हे आतून ठाऊक होते, हा त्यातला गंभीर भाग. आमच्याकडे हे दुःख आहेच, पण त्यावर एक भीती बसलेली आहे. कोणी तिचा फोटो उचलला, कोणाशी बोलल्याचे दिसले, तर पहिली शिक्षा तिलाच : फोन बंद, मग शाळा बंद, मग स्थळ बघायला सुरुवात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या 2019-21 च्या फेरीत अठरा वर्षांआधी लग्न झालेल्या तरुण स्त्रियांचे प्रमाण राज्यात 21.9 टक्के होते. नांदेडला लागून असलेल्या परभणीत 48 टक्के. बालविवाहाची कारणे मोबाइलच्या कितीतरी आधीची आहेत, पण मोबाइल हे आता त्याचे निमित्त होऊ लागले आहे. छळ झालेली मुलगी घरी सांगत नाही, ती यामुळे. तिला छळणाऱ्यापेक्षा घरच्या निर्णयाची धास्ती अधिक असते. ‘पालकांनी मुलींच्या मोबाइलवर लक्ष ठेवावे’ हे वाक्य सहज लिहिणाऱ्याने ते कोणत्या घरात वाचले जाणार आहे, याचा विचार करावा.

जानेवारी 2025 मधली एक बातमी इथे टाळता येत नाही. नांदेड जिल्ह्यातला, शेजारच्या लातूर जिल्ह्यात वसतिगृहात राहून शिकणारा एक शेतकऱ्याचा मुलगा संक्रांतीला घरी आला. त्याने नव्या कपड्यांसोबत अभ्यासासाठी मोबाइल मागितला. कर्जात असलेल्या बापाला ते जमत नव्हते. मुलाने जीव दिला, आणि त्याच्यामागे बापानेही. अशा मृत्यूला एकच कारण नसते आणि बाहेरच्या कोणी ते ठरवू नये. मला बोलायचे आहे ते त्यावरच्या प्रतिक्रियांबद्दल. ‘मोबाइलच्या हट्टापायी’ हे शब्द किती चटकन जुळवले गेले! त्या दोन शब्दांत वसतिगृह, क्लास, कर्ज, नापिकी आणि ‘अर्धी भाकर खाऊ पण लेकराला शिकवू’ हा बापाचा निर्धार, सगळे झाकले गेले. अभ्यास पडद्यावर नेऊन ठेवायचा, मग पडदा मागणाऱ्याला हट्टी म्हणायचे. मोबाइलच्या अतिरेकावर आपण हजार लेख लिहिले. तो नसण्यातली लाज कोणत्या लेखात आहे? (मनात असे टोकाचे विचार येत असतील, किंवा जवळच्या कोणाविषयी तशी शंका असेल, तर ‘टेलि-मानस’चा 14416 हा सरकारी क्रमांक विनामूल्य आहे आणि मराठीत बोलता येते.)

मग करायचे काय? महाराष्ट्रातल्या दोन गावांनी 2022 मध्ये दोन वेगळी उत्तरे दिली. सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगावात रोज संध्याकाळी सातला भोंगा वाजतो आणि साडेआठपर्यंत घरोघरचे टीव्ही-मोबाइल बंद राहतात. नांदेडला लागून असलेल्या यवतमाळच्या पुसद तालुक्यातल्या बांसी ग्रामपंचायतीने अठरा वर्षांखालच्यांना मोबाइलबंदीचा ठराव केला. वर्तमानपत्रांनी दोन्ही बातम्या एकाच कौतुकाने छापल्या. त्यांत मूलभूत फरक आहे. बांसीचा नियम फक्त मुलांसाठी आहे. वडगावचा भोंगा सगळ्यांसाठी वाजतो : बापाचा फोन बंद, आईची मालिका बंद, तेव्हाच मुलाचे पुस्तक उघडते. शिवाय तो ठरावीक वेळेचा आहे, म्हणून पाळता येतो. माझा कल वडगावकडे आहे. ऑस्ट्रेलियाने नोव्हेंबर 2024 मध्ये सोळा वर्षांखालच्यांना समाजमाध्यमांवर खाते ठेवू न देण्याचा कायदा केला, तेव्हा जबाबदारी आणि दंड कंपन्यांवर ठेवला, मुलांवर किंवा पालकांवर नाही. आपल्याकडच्या 2023 च्या डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण कायद्यातही अठरा वर्षांखालच्या मुलांचा माग काढून त्यांना जाहिराती दाखवायला मनाई आहे. किती लेखांनी हा कायदा पालकांना समजावून सांगितला?

घर, क्लास आणि कंपनी असे तीन हिस्सेदार इथे आहेत. घराने रात्रीचा फोन आईच्या उशाशी ठेवावा आणि त्याबदल्यात संध्याकाळचा एक तास मुलाच्या हक्काचा करावा. क्लासने निकाल क्रमांकाशिवाय आणि आधी मुलाच्या हातात द्यावा. कंपनीला कायद्याने जाब विचारावा. आजवर तिन्ही हिश्श्यांचे देणे आपण एकट्या मुलाच्या ‘संयमा’वर टाकले आहे.

शेवटी भाषेविषयी. ‘व्यसन’ हा शब्द आपण सैलपणे वापरतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या अकराव्या वर्गीकरणात व्हिडिओ खेळांच्या विकाराला जागा आहे. समाजमाध्यमांचे व्यसन अशी स्वतंत्र नोंद त्यात नाही. आमच्या बोलीत यासाठी जुना आणि अधिक नेमका शब्द आहे : नाद. नाद बैलगाडा शर्यतीचा असतो, भजनाचा असतो, वाईट संगतीचाही असतो. ‘पोरगं नादाला लागलं’ म्हटले की ऐकणारा लगेच विचारतो, कोणाच्या? ‘व्यसनी’ म्हटले की प्रश्न संपतो. ‘नाद’ म्हटले की कोणी लावला, का लागला, दुसरा कोणता नाद लावता येईल, हे प्रश्न उघडे राहतात.

आणि साहित्याविषयी. 1963 च्या ‘कोसला’ने खेड्यातून पुण्याला शिकायला गेलेल्या मुलाचे वसतिगृह मराठीत आणले, 2004 च्या ‘शाळा’ने नववीतल्या मुलाला त्याच्या स्वतःच्या आवाजात बोलू दिले. लातूरच्या खोलीत चौघांत राहणाऱ्या, क्रमांकाच्या भीतीने जागणाऱ्या, उसन्या फोनवर वीस मिनिटे हसून घेणाऱ्या मुलाची कादंबरी माझ्या वाचनात नाही. तो स्वतः मात्र रोज लिहितो आहे, स्टेटसला, दोन ओळींत, चोवीस तासांत पुसले जाईल अशा जागी. त्या दोन ओळी आपण बिघडल्याचे लक्षण म्हणून वाचतो. विद्यार्थ्याचे लेखन म्हणून त्या वाचल्या, तर ठरलेल्या लेखाची जागा घेणारा पहिला खरा लेख त्यांतूनच सुरू होईल.